कावळ्याला दिलेला शब्द

दादा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला आणि सगळे म्हणाले, सुटला बाळाराम. काकांनी डोळे पुसले, भटजींनी घाईघाईने पुढचं सुरू केलं, बायका उठून पदर झटकायला लागल्या. मी तिथेच बसून राहिले. कावळा खाली उतरायच्या आधी तुझ्या नावाने जो शब्द दिला गेला तो माझ्याविषयी होता, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. तुलाही विचारलं नव्हतं असं मी समजते. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे.

पेपरात तुझा फोटो आला. खाली 'हसतमुख आणि मनमिळाऊ' असं छापलंय. ते वाचून एवढ्या दुःखातही वहिनीला हसू आलं. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुझ्या वाटेला कुणी जायचं नाही हा आपल्या घरचा नियम, आणि मनमिळाऊपणाचं म्हणशील तर कर्जतच्या निम्म्या रिक्षावाल्यांशी तू अबोला धरलेला. पण असू दे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, ते बाकीचे बोलत आहेत. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी ही पहिली वेळ नाही.

दहाव्याला आम्ही सकाळीच नदीवर गेलो. पिंड मांडले. समोरच्या करंजावर कावळ्यांची रांग बसलेली, पण एक खाली येईल तर शपथ. ऊन चढायला लागलं. मग आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. तुझ्या मनात काय राहिलं असेल याचा एकेकाने अंदाज करायचा, हात जोडायचे आणि तसं कबूल करायचं. कुणी म्हणालं, "नितीनचं लगीन दणक्यात करू, बाळ्या." तुझा मुलगा खाली मान घालून उभा होता, त्याच्या कानापर्यंत लाली चढली. कावळा हलला नाही. "शोभाला काय कमी पडू देनार नाय," दुसरं कुणी म्हणालं. वहिनीने वरसुद्धा पाहिलं नाही आणि कावळ्यानेही नाही. शिळफाट्याच्या गॅरेजवाल्या तुझ्या दोस्ताने खिशातली तंबाखूची पुडी पिंडाशेजारी ठेवली. "बाला, तुजं क्लचचं काम राहिलंय. मी करतो, तू काळजी करू नको." मला वाटलं आता तरी येईल. खरं तर तुझ्या मनात खरोखर काही अडकलं असेल तर ते क्लचच असणार. तरी नाही.

मग काका पुढे आले. बाबांच्या माघारी घरातले तेच वडीलधारे. त्यांनी हात जोडले. "बाळ्या," ते म्हणाले, "त्या सोंडेवर आता आपल्या घरातलं कोन पन गाडी नेनार नाय. जीप काढून टाकतो. आनि संगीला तर त्या भिंतीकडं बघू बी देनार नाय. तुजी बईन हाय ती, तुला घोर असंल. आता तरी घे रं."

आणि कावळा आला.

मी काय पाहिलं ते सांगते. काका हात जोडून मागे सरले, तसे त्यांच्या मागचे सगळे मागे सरले. सकाळपासून पिंडाभोवती जो घोळका होता तो फुटला. मोकळी जागा झाली, भुकेला पक्षी होता, उतरला. मी बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, पण ते नदीवर उभं राहून कुणाला सांगणार? "बघ, ह्येच व्हतं त्याच्या मनात," काका म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू माझं आजारपण बरं झालं होतं.

हसण्यावारी न्यायचं असं मी नदीवरून येताना ठरवलं होतं. जमलं नाही. कारण दादा, काकांनी उच्चारलं ते तुझंच बोलणं होतं. जिवंतपणी तू मला हेच सांगायचास.

तुला सोंड काय सांगायची! पण लिहायलाच बसले आहे तर एकदा तिच्यावरून जाते. गावामागच्या डोंगराची ती सोंड, ओढ्यापासून वरच्या ठाकरवाडीपर्यंत जेमतेम एवढीशी. चालत गेलं तर दम लागायच्या आत संपते. सुरुवातीला कातळ, त्यावर गाडी टकटक करत चढते. मग दोन वळणं. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या, त्यांच्याखाली काही नाही. आणि शेवटी ती उभी चढण, जिला आपण सगळे भिंतच म्हणतो. भुसभुशीत मुरूम, मधे गुडघाभर उंच दगडाची पायरी, आणि बॉनेटच्या पुढे नुसतं आभाळ. नवखा माणूस तिथे घाबरून ब्रेक मारतो आणि ब्रेक मारला की गाडी मागे घसरायला लागते. लांबी विचारशील तर आपल्या अंगणापासून मारुतीच्या देवळापर्यंत. पण त्या एवढ्याशा तुकड्यावर आपण दोघं जितकं भांडलो तितकं जमिनीच्या वाटण्यांवरूनसुद्धा लोक भांडत नाहीत.

गाडी मला तूच शिकवलीस. बाबा म्हणाले होते, "तिला काय सासरी जाऊन ट्रक चालवायचाय?" आणि तू भाकरी मोडता मोडता म्हणालास, "चालवंल. तुमचं काय जातंय?" भात कापून झालेल्या खाचरात तू मला जीपवर बसवलंस. मी बांध फोडला. तू तो परत घातलास आणि बाबांना सांगितलंस की म्हशीने फोडला. मग ओढ्यापलीकडचा कातळ, मग पहिलं वळण, मग दुसरं. "अंगठा स्टिअरिंगच्या आत घालू नको," तू हजारदा सांगायचास, "चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गपकन फिरतं, अंगठा जातोय." आणि, "पाय थरथरला तर थरथरू दे. हात नाय थरथरायचा."

त्या हातांवर आज माझं घर चालतं. लोधिवलीहून चौक गावच्या शाळेत मी रोज व्हॅनभर पोरं नेते, जुन्या हायवेवरच्या ट्रेलरांच्या मधून. सासूबाईंनी सुरुवातीला केवढं तोंड वाकडं केलं होतं, आठवतं? तू लोधिवलीला आलास, पोहे खाल्लेस, त्यांच्याशी गोड बोललास आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणालास, "म्हातारीला व्हॅनीत बसव आनि शिळफाट्याच्या बाजारात फिरवून आन. गप बसंल." गप बसल्या. आता शेजारच्या बायकांना त्याच सांगतात, आमच्या सुनेची व्हॅन आहे, कुठे सोडायचं का. हे तुझे उपकार. मी ते कधी तोंडाने बोलले नाही, कारण भावाचे उपकार मानायचे नसतात असं आपल्यात आहे. आता मानते. ऐकून घे आणि फुशारू नकोस.

पण भिंत. दुसरं वळण संपलं, भिंत समोर आली की तुझा तो शब्द ठरलेला. "उतर गं. आता मी बसतो."

"का?"

"भिंत हाय ती."

"मला दिसतंय भिंत हाय ती."

"मंग उतर."

मी उतरायचे. तू बसायचास. मी धुरळा खात जीपच्या मागून चालत वर यायचे आणि वर तू दात काढत उभा. एकदा नाही, दरवेळी. लग्नाआधी, लग्नानंतर, मुलं झाल्यावर, व्हॅन घेतल्यावरसुद्धा. ट्रेलरच्या गर्दीत दुसऱ्यांची पोरं माझ्या हातात चालतात आणि त्या मुरमाच्या ढिगावर एक जुनी जीप चालत नाही, हे गणित मला कधी सुटलं नाही. तुला ते विचारलं की तू पाना शोधायला जायचास.

त्या रविवारचं तर मी मेले तरी विसरणार नाही. मुंबई-पुण्याची मंडळी मोठमोठ्या गाड्या घेऊन सोंड चढायला यायची आणि तू दोर घेऊन भिंतीच्या पायथ्याशी उभा असायचास. फसली गाडी की ओढायची. खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या जीपपेक्षा सहज चढायच्या आणि मग तुझं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ठाण्याची एक बाई आली. केस पांढरे, गाडीत एकटी. उतरून तिने भिंत पायी चढून पाहिली, दगडाची पायरी हाताने चाचपली, तुला वर उभं राहून खुणा करायला सांगितलं, आणि गेली वर. एका दमात. तू शिट्टी मारलीस. टाळ्या वाजवल्यास. तिला घरी आणून वहिनीला चहा टाकायला लावलास. मी ओट्यावर बसून सगळं बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

ती गेल्यावर मी म्हणाले, "तिला टाळ्या आणि मला उतर?"

तू दोराचं वेटोळं करत होतास. "ती काय माजी बईन नाय."

"म्हणजे ती मेली तर चालेल?"

"ते तिच्या भावाला इचार."

वहिनी आतून हसली. तूही हसलास. मी चहा न घेता निघून गेले. त्यावर तू मला समजवायला येशील असं वाटलं होतं, आला नाहीस. पुढच्या खेपेला भेटलो तेव्हा तू करवंदांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि विषय करवंदांबरोबर संपला. तुझ्याकडे विषय असेच संपायचे. तोंडात काहीतरी घालायचास आणि मिटलं म्हणायचास. भिंतीचा विषय माझ्या लेखी मिटलेला नाही. एका बाईचं धाडस तुला आवडलं, मला ते उघड दिसलं. मग तेच घरातल्या बाईने केलं तर तुझ्या पोटात गोळा का? माया होती असं म्हणशील. असेल. पण त्या मायेने मी दरवेळी भिंतीखाली उभी राहायचे, आणि भिंतीखाली उभं राहिल्यावर तुझी माया वरून फारशी दिसायची नाही.

पनवेलच्या दवाखान्यात मी शेवटचं बोलले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. कावीळ इतकी आत गेली असेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. तुला हसवायला म्हणून मी म्हणाले, "बरा होऊन ये, मग भिंत मी चढवणार." तू म्हणालास, "आदी मला बरा तर होऊ दे." आणि लगेच क्लचचं काढलंस. मी घरी येताना एसटीत ते वाक्य उलटं-सुलटं करून पाहत होते. हो होतं का ते? की नेहमीसारखं पाना शोधायला जाणं? परत विचारीन म्हटलं. विचारायला तू राहिला नाहीस.

आता काका म्हणतात की त्या सोंडेनेच तुला नेलं. हादरे खाऊन खाऊन आतलं सगळं सैल झालं म्हणे. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, यकृत गेलं, तरी काकांचं आपलं हादरेच. तू अंथरुणात गेलास, दादा. सोंडेने तुला कधी ओरखडा काढला नाही. हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि लोक दुःखाने डोकं फिरलंय असं समजून मान हलवतात.

तेराव्यानंतर वरच्या वाडीची हिराबाय आली. दर उन्हाळ्यात वाडीची विहीर आटते आणि तू आपल्या बोअरिंगचं पाणी ड्रम भरून वर पोचवायचास, ते आता बंद होतं. ती पायरीवर बसली, तुझ्यासाठी थोडी रडली, पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "जीप इकली का?"

"नाय अजून," वहिनी म्हणाली.

"बरं," ती म्हणाली. आपल्या बोअरिंगवर दोन हंडे भरून घेतले, डोक्यावर चढवले आणि सोंडेच्या वाटेला लागली. तिने मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

पण दादा, मी हिराबायच्या पाण्याआड लपणार नाही. पाणी खरंच लागत होतं, आणि तरीही ते माझ्यासाठी निमित्त होतं. मला ती भिंत चढायची होती. तू असताना चढायची होती आणि तू नसताना जास्त. कावळ्याच्या साक्षीने माझ्यावर बंदी घातली होती. ती मानून मी लोधिवलीला परत गेले असते तर तुझ्याविषयी मनात कायमचं एक कुसळ राहिलं असतं. दरवेळी तुझी आठवण काढताना आधी तेच टोचलं असतं.

शाळेला सुट्टी लागली होती, मी माहेरीच होते. त्या सकाळी काका जीपला गिऱ्हाईक बघायला कर्जतला गेले. किल्ली त्यांच्या खिशात. त्यांना हे माहीत नव्हतं की जीपला दोन किल्ल्या आहेत. वहिनी आतून आली, पदराची गाठ सोडली आणि दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"ड्रम भरलेत मी," ती म्हणाली. "चल."

"तू कुठं निघालीस? महिना नाय झाला अजून." आपल्या घरात नवरा गेलेल्या बाईने, नदीवरचे विधी सोडले तर, महिनाभर उंबरा ओलांडायचा नसतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

"घरात बसल्यावर ते परत येनार हायत का? आनि मागं ड्रम कोन धरंल, तुजा कावळा?"

तर अशा आम्ही दोघी निघालो. गल्लीतल्या बायका दारात आल्या. वहिनीने डोक्यावर पदर घेतला आणि समोर बघत बसून राहिली. तिच्या कपाळावर काही नव्हतं आणि तोंडावर असा ताठा होता की कुणाची हाक मारायची छाती झाली नाही. दादा, तू आयुष्यभर तिला भित्री म्हणालास. एवढं चुकीचं तू दुसरं काही बोलला असशील असं वाटत नाही.

ओढा ओलांडला. छोटा लिव्हर ओढून गाडी हळू गिअरात घातली. कातळ नीट गेला. मागे ड्रमांचं वजन होतं, चाकं घट्ट बसत होती. पहिलं वळण, दुसरं वळण, वहिनी मागे एका हाताने ड्रम आणि दुसऱ्या हाताने माझी सीट धरून. भिंत समोर आली आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. इतक्या वर्षांची सवय. पाय आपला उतरायला तयार. मी दात खाऊन तो परत दाबला.

पुढची चाकं पायरीला लागली आणि तिथेच बसली. मागची नुसती फिरायला लागली. मुरूम उडाला, धुरळा, जळका वास. जीप तिरकी होऊन करवंदीच्या बाजूला हातभर घसरली आणि बंद पडली. मी सगळ्या अंगाने ब्रेकवर उभी होते. मागे वहिनीने उडी मारून दोन दगड मागच्या चाकांना लावले.

"काय झालं गं?"

"नाय चढत."

खरं सांगते, त्या क्षणी माझा कावळ्यावर विश्वास बसला. नदीवर मी काय पाहिलं, घोळका कसा फुटला, सगळं शहाणपण गेलं. मला वाटलं तू आहेस. बॉनेटला हात लावून उभा आहेस आणि ढकलतो आहेस मागे. वहिनीही बॉनेटकडेच बघत होती, आणि ती माझ्यासारखाच विचार करत होती हे मला कळलं.

मग काय अडलं ते बघायला खाली उतरले आणि माझी नजर पुढच्या चाकावर गेली.

आपल्या जुन्या जीपमधून आधी खाली उतरावं लागतं आणि पुढच्या दोन्ही चाकांवर मधोमध असलेल्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात. त्या फिरवल्याशिवाय आत कितीही लिव्हर ओढा, पुढची चाकं ओढत नाहीत, मागची दोनच बिचारी ढकलत बसतात. हे मला पाठ आहे. पण ते काम कायम तुझं होतं. ओढ्याशी तू खाली उडी मारायचास, एक चकती, दुसरी चकती, बॉनेटवर थाप, आणि परत शेजारी येऊन बसायचास. मी स्टिअरिंगवर. इतक्या वर्षांत माझ्या हाताने ती चकती एकदाही फिरली नव्हती, म्हणून ती माझ्या डोक्यातही आली नाही. मी दोन चाकांवर भिंतीपर्यंत आले होते. तू मागे ढकलत वगैरे नव्हतास. तू नव्हतास, म्हणून चकत्या फिरल्या नव्हत्या.

दहाव्याला मला रडू आलं नव्हतं. तेराव्यालाही नाही. तिथे चाकाशेजारी उकिडवी बसून, त्या चकतीवर हात ठेवून मी जी रडले ती रडले. नाक, डोळे, मुरूम, सगळं एक झालं. वहिनीने रडू दिलं. मग म्हणाली, "झालं का? ड्रमातलं पानी तापतंय."

डावीकडची चकती लगेच फिरली. उजवीकडची घट्ट होती, पान्याने ठोकून फिरवली. वहिनी परत मागे ड्रमांपाशी चढली. तिला म्हटलं, तू उतरून चाल. ती म्हणाली, "मी नाय उतरत." अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर काढले. पाय थरथरत होता, थरथरू दिला. पुढचं चाक पायरीवर चढलं, लटकलं, मला वाटलं गेलो, आणि मग दुसऱ्या चाकाने पकडलं. जीप एकदा कण्हली. आभाळ होतं समोर, आभाळच होतं, आणि मग एकदम गवत दिसलं.

वर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका हंडे घेऊन धावत आल्या. हिराबायने माझ्याकडे एकदा पाहिलं, "तू आनली?" म्हणाली आणि ड्रमाच्या नळीखाली हंडा लावला. त्यांना पाणी भरायचं होतं. वहिनी आंब्याखाली बसली, तांब्याभर पाणी प्याली आणि हसायला लागली. तू गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिचं रडणं कधी झालं ते मला कळलं नाही, आणि ते पुसायला मी गेले नाही. तिचं तिला करू दिलं. खाली येताना ती पुढे, माझ्याशेजारी बसली.

आम्ही अंगणात आलो तर काका ओट्यावर. गावाने बातमी आमच्या आधी पोचवली होती. मला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. फार म्हातारे दिसत होते.

"मी शब्द दिलाय त्याला, संगे."

"तुमी दिलाय, काका. मी नाय दिला."

"त्याला शांती नाय मिळायची."

मी काही बोलायच्या आत वहिनी खाली उतरली. अर्धी साडी भिजलेली, हातात रिकामी कळशी. "नाय मिळाली तर नाय मिळाली," ती म्हणाली. "शांत बसलेलं मी त्यांना कदी बघितलंय? तसे बसले तर मला वळखू पन येनार नायत." आणि ती कळशी घेऊन आत गेली.

काकांनी जीपकडे पाहिलं. मग विचारलं, "मागं घसरली नाय ना?"

"घसरली थोडी." मी चकत्यांचं सांगितलं. ते उठले, जीपपाशी गेले, वाकून पुढचं चाक पाहिलं आणि आपल्या घरी गेले. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. ते अजून आलेलं नाही. काकांनी त्याला नको सांगितलं की ते आपणहून फिरकलं नाही, हे मी विचारलेलं नाही.

राहिलं तुझं आणि माझं. काकांना वाटतं, तू नको म्हणतो आहेस. वहिनीला वाटतं, तू कुठेतरी बसून हसतो आहेस. माझी दोन्हीकडून समजूत पटत नाही. 'आदी मला बरा तर होऊ दे' एवढंच माझ्याजवळ आहे आणि त्यातून हो काढून काढून मी थकले. तेव्हा मी आता असं धरून चालले आहे की तू नाहीच म्हणालास. शेवटपर्यंत नाही. तुझ्या बहिणीने भिंत चढू नये असंच तुला वाटत होतं, आणि तसं वाटूनच तू गेलास. चालेल. मी ते घेऊन जगेन. तुला गोड करून मला आठवायचं नाही.

उद्या सकाळी परत ड्रम भरायचे आहेत. विहीर आटलेलीच आहे आणि वाट मला आता येते. रागावला असलास तर खुशाल रागाव, दादा. तुझा राग झाला तरी चालेल, तू कुठेतरी असलास म्हणजे झालं. पण गाडीतून मी आता उतरणार नाही.